वाचकांचे प्रश्न : ‘साधा गॅस आहे, त्याने काय होतंय?’

मागच्या अंकात आम्ही फक्त दोन ओळींचं आवाहन टाकलं होतं की कामाच्या जागी गॅस हाताळणाऱ्यांनी आपल्या शंका पाठवाव्यात, आणि पत्रांचा गठ्ठाच आला. त्यात क्लोरीन, अमोनियाचे प्रश्न कमी आणि ‘हा तर साधा गॅस आहे ना, मग एवढा बाऊ कशाला’ छापाचे जास्त. ते एका अर्थी बरंच झालं, कारण माझं मत विचाराल तर ज्या गॅसला सगळे घाबरतात त्याच्याजवळ माणूस आपोआप सांभाळून वागतो, घात होतो तो ज्याला कोणी मोजत नाही त्याच्याकडून. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : आमच्या प्लांटमध्ये शटडाउनला टाक्या नायट्रोजनने पर्ज करतात, म्हणजे आतली हवा हाकलून नायट्रोजन भरतात. मग आत जायला मनाई, परमिट, गॅस टेस्ट, बाहेर एक माणूस उभा, असा सगळा तामझाम. पण हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो ना, आपण जन्मापासून तोच ओढतोय. दोन मिनिटं मॅनहोलमधून वाकून बघितलं तर काय बिघडतं? – एक फिटर

उत्तर : दोन मिनिटं ही फार मोठी वेळ झाली हो. नायट्रोजन विषारी नाही हे तुमचं बरोबर आहे, पण माणूस मरतो ते नायट्रोजनमुळे नाही, तिथे जे उरलेलं नाही त्यामुळे. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात. दहा-बारा टक्क्यांवर माणसाची अक्कल काम करेनाशी होते, म्हणजे आपण संकटात आहोत हे सुद्धा त्याला कळत नाही. ४ ते ६ टक्क्यांवर साधारण ४० सेकंदात शुद्ध जाते. आणि नीट पर्ज केलेल्या टाकीत ऑक्सिजन जवळपास शून्य असतो, तिथे एक-दोन श्वास पुरतात, कारण रक्तात होता तो ऑक्सिजनही उलटा फुप्फुसात येऊन बाहेर पडतो.

यातली खरी गोम अशी की जीव गुदमरल्यासारखा अजिबात होत नाही. आपलं शरीर ‘श्वास घे, श्वास घे’ असं ओरडतं ते मुख्यतः कार्बन डायॉक्साइड साठला म्हणून, ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही. नायट्रोजनमध्ये तुम्ही कार्बन डायॉक्साइड मजेत बाहेर सोडत राहता, त्यामुळे छाती दाटत नाही, खोकला नाही, वास नाही, रंग नाही, पाय लटपटतात आणि माणूस खाली. मॅनहोलमधून नुसतं डोकं आत घातलेला माणूस पण तसाच आत कोसळतो.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने १९९२ ते २००२ मधल्या त्यांच्या देशातल्या नायट्रोजनच्या अपघातांचा आढावा घेतला होता, त्यात ८५ घटना आणि ८० मृत्यू होते. जखमी ५०. मेलेले जखमींपेक्षा जास्त, यावरूनच समजा की यात अर्धवट वाचायला फारशी जागा नसते. आणि शिकलेल्या माणसांच्या जागी असं होत नाही असं कुणाला वाटत असेल तर १९ मार्च १९८१ आठवा, कोलंबिया या स्पेस शटलच्या पहिल्या उड्डाणाच्या तयारीत मागच्या कप्प्यात नायट्रोजन भरलेला असताना तंत्रज्ञ आत गेले आणि जीव गेले. तीही जागा नासाची.

त्यामुळे तो तामझाम राहू द्या. उलट तो नीट होतोय का ते बघा. नायट्रोजनच्या लाइनचा नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, बंद व्हॉल्व्हमधूनही गॅस झिरपतो, लाइन टाकीपासून सोडून ठेवा नाहीतर मध्ये ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी चकती टाका. टेस्ट वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्हीकडे घ्या, एकदा घेऊन जेवायला जाऊन आल्यावर तीच गृहीत धरू नका. ब्लोअर सतत चालू पाहिजे. अजून एक, श्वासाच्या हवेचा मास्क चुकून नायट्रोजनच्या पॉइंटला जोडला गेला असेही अपघात त्या आढाव्यात आहेत, म्हणून दोन्ही लाइनींचे कपलिंग एकमेकांत बसताच कामा नये. आर्गनलाही हेच सगळं लागू, शिवाय तो हवेपेक्षा जड, पाइपच्या आतून आर्गन सोडून वेल्डिंग केल्यावर लगेच ‘रूट, म्हणजे जोडाचा आतला थर, कसा आलाय बघू’ म्हणून पाइपात डोकं घालणारे बरेच असतात.

प्रश्न : गटाराच्या चेंबरमध्ये उतरल्यावर आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग दोन-चार मिनिटात जातो. वास गेला म्हणजे गॅस उडून गेला असं आमचा मुकादम म्हणतो. खरंय का?

उत्तर : साफ खोटं, आणि जीवघेणं खोटं. तो हायड्रोजन सल्फाइड. एक पीपीएमपेक्षाही, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एका भागापेक्षाही, कमी असताना नाकाला कळतो, पण १०० पीपीएमच्या आसपास गेला की काही मिनिटांत वास घ्यायची नसच बधिर होते. म्हणजे गॅस गेला नाही, नाक गेलं. ५०० च्या पुढे गेला तर माणूस जागच्या जागी पडू शकतो. गाळ ढवळला की आत अडकलेला गॅस एकदम सुटतो, त्यामुळे उतरताना ठीक होतं हा काही पुरावा नाही.

यातलं सगळ्यात वाईट म्हणजे एक पडला की दुसरा धावतो, मग तिसरा. अमेरिकेच्या निऑश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्ये काढलेल्या पत्रकात बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक हे वाचवायला गेलेले होते असं म्हटलंय. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला हे आधीच बजावून ठेवायला हवं, की कोणी पडलं तरी तू आत उडी मारायची नाहीस, आरडाओरडा कर, वरून हवा सोड, त्याच्या हार्नेसला, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांना, दोर असेल तर ओढ. आणि म्हणूनच उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस आणि वर ओढून काढायची तिपाई, म्हणजे ट्रायपॉड, आधीपासून पाहिजे, नंतर आणून त्याचा उपयोग नाही. खरं तर माणसाला उतरवायचंच कशाला, बरीचशी कामं मशीनने वरून होतात.

प्रश्न : कुठल्या रंगाच्या सिलिंडरमध्ये कोणता गॅस, याचा एक तक्ता छापाल का? भिंतीवर लावतो.

उत्तर : नाही छापणार, रागावू नका. भारतात औद्योगिक ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, अमेरिकेत बहुतेक करून हिरवा, आणि युरोपच्या पद्धतीत खांदा काळा असेल तर तो नायट्रोजन! त्यात रंग उडतो, गंज चढतो, कोणीतरी परत रंगवतो. रंग ही लांबून ओळखायची खूण एवढंच समजा. जोडण्याआधी लेबल वाचा, त्यावर गॅसचं नाव आणि चार आकडी यूएन नंबर असतो, कॉम्प्रेस्ड ऑक्सिजनचा १०७२, कॉम्प्रेस्ड नायट्रोजनचा १०६६, डिझॉल्व्ड अ‍ॅसिटिलीनचा १००१, क्लोरीनचा १०१७. लेबलच नसेल तर तो सिलिंडर वापरायचा नाही, परत पाठवायचा. आणि रेग्युलेटर बसत नसेल तर अ‍ॅडाप्टर शोधत बसू नका, बसत नाहीये त्याला कारण आहे, जळणाऱ्या गॅसचे आटे मुद्दाम उलटे ठेवलेले असतात.

प्रश्न : ऑक्सिजन सिलिंडरचा व्हॉल्व्ह फार कडक फिरतोय. आमचे एक जुने मेकॅनिक म्हणतात दोन थेंब तेल सोड, दुसरे म्हणतात तेल सोडशील तर उडशील. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही हे तर शाळेत शिकलो, मग कोणाचं ऐकू? – गॅस कटिंग शिकणारा मुलगा

उत्तर : दुसऱ्यांचं. शाळेतलं बरोबरच आहे, ऑक्सिजन पेटत नाही, पण तो बाकी सगळ्याला पेटवतो, आणि सिलिंडरमध्ये तो साधारण १५० बार प्रेशरने भरलेला असतो, गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतं त्यावरून अंदाज घे. आता तू व्हॉल्व्ह झटकन उघडलास तर हा गॅस रेग्युलेटरच्या छोट्याशा जागेत धाडकन येऊन दाबला जातो आणि त्या दाबल्या जाण्यानेच तिथलं तापमान काही क्षण कित्येकशे अंशांवर जातं. तिथे तेलाचा ओघळ, ग्रीस, धुळीचा कण, रबराचा तुकडा असं काही असेल तर ते पेटतं, ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. आणि एकदा पेटलं की शुद्ध ऑक्सिजनमध्ये रेग्युलेटरचा धातू सुद्धा जळतो, हे बघितल्याशिवाय पटत नाही पण लोखंड कापताना तू रोज तेच तर करतोस.

म्हणून तेल नाही, ग्रीस नाही, तेलकट हातमोजे नाहीत, खिशातलं मळकं फडकं नाही. रेग्युलेटरचा स्क्रू आधी पूर्ण सैल करायचा, मग बाजूला उभं राहून, रेग्युलेटरच्या तोंडासमोर न राहता, व्हॉल्व्ह हळू उघडायचा. हळू म्हणजे खरंच हळू, काटा चढताना दिसला पाहिजे. कडक व्हॉल्व्हला पान्यात पाइप घालून जोर लावू नकोस, त्यावर चिठ्ठी लाव ‘व्हॉल्व्ह खराब’ आणि परत पाठव, ते पुरवठादाराचं काम आहे.

आणि तू विचारलं नाहीस तरी सांगतो, अंगावरची धूळ उडवायला, घाम आला म्हणून वाऱ्यासाठी, किंवा टाकीत कोंदट वाटतंय म्हणून ऑक्सिजन सोडणं हे प्रकार चालतात, ते बंद करा. ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की ती जागा आगीच्या दृष्टीने वेगळीच होते. कपड्याच्या धाग्यात, केसात तो अडकून बसतो, नंतर बाहेर येऊन बिडी पेटवली तरी माणूस पेटतो, म्हणून असं झालं असेल तर उघड्यावर १५ मिनिटं तरी थांबायचं आणि कपडे झटकून मोकळे करायचे. जेवायच्या सुट्टीत गॅस कटिंगची टॉर्च टाकीत सोडून जाणंही याच जातीचं, दोन तास थोडा थोडा लीक होतो आणि आल्यावर पहिली ठिणगी. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या यानात जमिनीवरच्या चाचणीत आग लागून तीन अंतराळवीर गेले, आत शुद्ध ऑक्सिजन होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जरा जास्त दाबाने, आणि नायलॉनसारखं जळणारं सामान. कशावरून ठिणगी पडली ते नक्की सापडलं नाही, पण अशा हवेत ठिणगी किती मोठी याला फारसा अर्थच राहत नाही.

प्रश्न : अ‍ॅसिटिलीनचा सिलिंडर, म्हणजे आम्ही ज्याला डीए म्हणतो तो, टेम्पोत आडवा टाकून आणला. ड्रायव्हर म्हणतो गॅसच आहे, उभा काय आडवा काय. लगेच जोडला तर चालेल का?

उत्तर : लगेच नको. त्यात नुसता गॅस नाही. अ‍ॅसिटिलीन मोकळा ठेवून साधारण १ बारच्या वर दाबला की तो बिथरतो, हवा नसतानाही स्वतःच फुटू शकतो, त्यामुळे तो ऑक्सिजनसारखा दाबून भरताच येत नाही. मग आत स्पंजासारखं सच्छिद्र सामान भरलेलं असतं, त्यात अ‍ॅसिटोन मुरवलेलं असतं, आणि सोड्याच्या बाटलीत गॅस पाण्यात विरघळून बसतो तसा अ‍ॅसिटिलीन त्या अ‍ॅसिटोनमध्ये बसतो. डिझॉल्व्ड म्हणतात ते यामुळेच. आडवा ठेवलात की अ‍ॅसिटोन व्हॉल्व्हकडे येतं आणि गॅससोबत बाहेर पडतं, होज आणि सील खराब करतं, ज्योत बिघडते, आणि सिलिंडरमधलं अ‍ॅसिटोन कमी झालं की उरलेला गॅस सुरक्षित धरून ठेवायला काही उरत नाही. उभा करून निदान तासभर राहू द्या, पुरवठादाराने जास्त सांगितलं असेल तर जास्त.

या सच्छिद्र सामानाच्या शोधात स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांचा मोठा वाटा, दीपगृहांसाठी त्यांनी हे काम केलं, १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, आणि त्याच वर्षी अ‍ॅसिटिलीनच्या एका चाचणीत स्फोट होऊन त्यांची दृष्टी गेली. ज्याला हा गॅस जगात सगळ्यात जास्त कळत होता त्याची ही गोष्ट, ड्रायव्हरला सांगून बघा.

बाकी : रेग्युलेटरवर बाहेरचं प्रेशर १ बारच्या वर कधीच नाही. लाइनला तांब्याचा पाइप लावू नका, तांबं आणि अ‍ॅसिटिलीन मिळून स्फोटक संयुग बनतं, ७० टक्क्यांहून जास्त तांबं असलेले मिश्रधातूही टाळा. एका छोट्या सिलिंडरवर मोठी हीटिंग टॉर्च लावून ओढाओढ करू नका, त्यानेही अ‍ॅसिटोन येतं. फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी आत जाऊ न देणारा तुकडा, दोन्ही लाइनींना, दोन्ही म्हणजे ऑक्सिजनलाही. आणि आग आत गेल्याची शंका आली, सिलिंडरचं अंग गरम लागायला लागलं, तर तो उचलून बाहेर नेण्याचा पराक्रम करायचा नाही. सगळ्यांना लांब काढा, फायर ब्रिगेडला ‘अ‍ॅसिटिलीन’ हा शब्द उच्चारून सांगा म्हणजे ते त्या तयारीने येतील, आडोशामागून लांबून भरपूर पाणी मारत राहतात. आतलं विघटन बाहेरची आग विझल्यावरही चालू राहू शकतं. पाणी थांबवल्यावर ओलं अंग पटकन सुकायला लागलं तर आत अजून तापलेलंच आहे.

प्रश्न : सीओटू सिलिंडरचा काटा आठवडाभर हलतच नाही आणि मग एका दिवसात शून्यावर. गेज बिघडलाय का?

उत्तर : गेज ठीक आहे. सीओटू, म्हणजे वर आलेला कार्बन डायॉक्साइडच, आत द्रव असतो, जोवर थोडा तरी द्रव आहे तोवर प्रेशर तापमानावर ठरतं, २० अंशाला साधारण ५७ बार. द्रव संपला की मग काटा पडतो. किती उरलाय ते वजन करून बघायचं. एक मात्र, सीओटूला नायट्रोजनच्या पंगतीत बसवू नका, तो नुसता हवा ढकलत नाही, स्वतःही घातक आहे. आठ तासांच्या कामाची मर्यादा ०.५ टक्के, ४ टक्के झाला की जिवाला तातडीचा धोका मानतात, आणि १० टक्क्यांच्या आसपास माणूस लवकर बेशुद्ध पडतो, भले ऑक्सिजन पुरेसा असो. हवेच्या दीडपट जड, खड्ड्यात तळघरात साठतो. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून हा गॅस एकदम उसळला आणि उतारावरून गावांमध्ये शिरला, सुमारे १,७०० माणसं गेली.

प्रश्न : माझा मुलगा वर्कशॉपला लागलाय. तिथे पोरं सिलिंडर आडवा पाडून पायाने ढकलत नेतात म्हणे. तो हसत सांगतो, मला झोप लागत नाही. हे किती धोक्याचं आहे? – एक आई

उत्तर : ताई, तुमची काळजी बरोबर आहे. सिलिंडरचं अंग जाड पोलादाचं असतं, ते सहसा ढकलण्याने फुटत नाही, खरं नाजूक म्हणजे वरचा पितळी व्हॉल्व्ह. तो आपटून मोडला तर १५० बारचा गॅस त्या भोकातून सुटतो आणि साठ-सत्तर किलोचा सिलिंडर उलट दिशेला सुसाट जातो, भिंत फोडण्याइतका. म्हणून नेताना रेग्युलेटर काढायचा, व्हॉल्व्हवर कॅप लावायची, ट्रॉलीवर चेनने बांधून न्यायचा, जागेवर ठेवल्यावरही चेन. रिकाम्यालाही हेच, रिकामा म्हणतात त्यात काहीतरी उरलेलंच असतं. व्हॉल्व्हला दोरी बांधून क्रेनने उचलणं तर डोळे झाकून नाही म्हणायचं. साठवताना ऑक्सिजन आणि जळणारे गॅस यांच्यात सहा मीटर अंतर, नाहीतर निदान दीड मीटर उंच आगरोधक भिंत असं बऱ्याच नियमावलीत आहे. मुलाला म्हणा, ट्रॉली मागितली म्हणून कोणी भित्रा ठरत नाही, आणि ट्रॉलीच नसेल तर ती मालकाने आणायची वस्तू आहे, त्याच्या पायाने भरून काढायची नाही.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये द्रव नायट्रोजनचा २५ लिटरचा देवार, म्हणजे थर्मॉससारखं भांडं, लिफ्टने वर नेतात. मॅडम म्हणतात देवारसोबत लिफ्टमध्ये जायचं नाही, एकाने वर थांबायचं एकाने खाली. जरा जास्त होतंय असं नाही वाटत?

उत्तर : नाही वाटत. उणे १९६ अंशाचा एक लिटर द्रव खोलीच्या तापमानाला आला की जवळपास ७०० लिटर गॅस होतो. तुमचा २५ लिटर सगळा सांडला तर साडेसतरा घनमीटर. लिफ्ट जाऊ द्या, ३ बाय ४ मीटरची ३ मीटर उंच बंद खोली ३६ घनमीटरची, तिथेसुद्धा ऑक्सिजन ११ टक्क्यांच्या आत येईल. लिफ्ट अडकली तर तुम्ही आणि देवार आत, आणि त्याच्या सैल झाकणातून गॅस निघत राहणार. झाकण घट्ट बसवायचं नाही हेही त्यामुळेच, बंद केलं तर प्रेशर वाढून फुटतो. देवारभोवती दिसतं ते पांढरं धुकं हवेतल्या बाष्पाचं, नायट्रोजन दिसत नाही, धुक्याच्या बाहेर सुरक्षित असं समजू नका. हातमोजे सैल हवेत, म्हणजे आत थेंब गेला तर झटकन काढून टाकता येतात. आणि उघड्या भांड्यात बराच वेळ ठेवलं तर हवेतला ऑक्सिजन त्यात उतरतो, कारण तो उणे १८३ लाच द्रव होतो, मग त्या भांड्याशी ऑक्सिजनसारखं वागावं लागतं. २८ जानेवारी २०२१ ला अमेरिकेत जॉर्जियातल्या गेन्सव्हिलच्या एका कोंबडी प्रक्रिया कारखान्यात द्रव नायट्रोजनची गळती होऊन सहा कामगार गेले, त्यातही मदतीला गेलेले होते. तुमच्या मॅडमचं ऐका.

प्रश्न : आम्ही राहतो तिथून जवळ एक पाणी शुद्धीकरण केंद्र आहे, क्लोरीनचे टनर, म्हणजे भले मोठे सिलिंडर, असतात, आणि थोडं पुढे अमोनियावर चालणारं कोल्ड स्टोरेज. गळती झाली तर पळायचं की घरात बसायचं?

उत्तर : आधी वारा कुठून येतोय ते बघा, धूर, झाडं, झेंडा काहीही. गॅसच्या वाटेतून आडवं निघायचं, वाऱ्याच्या दिशेने त्याच्यापुढे धावत सुटायचं नाही, तो तुमच्यासोबतच येईल. ढग आधीच दारात असेल तर आत राहा, खिडक्या दारं बंद, एसी आणि एक्झॉस्ट बंद, फटींना ओली फडकी. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, पिवळट हिरवा, खाली साचतो, तर वरच्या मजल्यावर जा, तळघरात लपू नका. अमोनिया वायू हवेपेक्षा हलका असं पुस्तकात असतं पण द्रव अमोनिया फुटून आला की थंड धुक्यासारखा जमिनीलगत पसरतो, त्यामुळे ‘वर निघून जाईल’ म्हणून थांबू नका. डोळ्यात गेला तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, चोळू नका. क्लोरीन छातीत गेलेला माणूस तासाभरात बरा वाटला तरी डॉक्टरला दाखवा, फुप्फुसात पाणी नंतर भरू शकतं. जून २०२२ मध्ये जॉर्डनच्या अकाबा बंदरात क्रेनवरून क्लोरीनची टाकी पडली, १३ जण गेले आणि अडीचशेहून जास्त जखमी, तो व्हिडिओ बघितला असेल तर पिवळा ढग किती झटकन पसरतो ते कळतं.

केंद्रात काम करणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी : गळणाऱ्या क्लोरीन टनरवर पाणी मारू नका, ओलसर क्लोरीन लोखंड खातो आणि भोक मोठं होतं. आणि जमलं, अंगावर पूर्ण किट असेल तर, टनर असा फिरवा की गळतीची जागा वर येईल, म्हणजे द्रवाऐवजी गॅस गळेल, सुटणारं प्रमाण खूप कमी होतं. अमोनियाच्या वाफेला पाण्याचा फवारा चालतो, जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर मात्र पाणी नको, अजून उकळतो.

प्रश्न : चार गॅसवाला डिटेक्टर घेतला, आता सगळं कळेल ना? आणि सोबत एन ९५ मास्क पुरेल का?

उत्तर : चार गॅसवाला म्हणजे साधारणपणे ऑक्सिजन, जळणारे गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. क्लोरीन, अमोनिया, सीओटू त्याला दिसत नाहीत, तुमच्याकडे तेच असतील तर त्यांचा सेन्सर वेगळा घ्या. जळणाऱ्या गॅसचा नेहमीचा सेन्सर स्वतः थोडं जाळून मोजतो, म्हणून त्याला ऑक्सिजन लागतो, नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो शून्य दाखवेल आणि आत गॅस भरपूर असेल. यासाठीच आधी ऑक्सिजनचा आकडा वाचायचा, मग जळणारा, मग विषारी. सिलिकॉन स्प्रेने हा सेन्सर गुपचूप मरतो, स्क्रीनवर काही येत नाही, म्हणून वापरायच्या आधी रोज बम्प टेस्ट, म्हणजे ओळखीचा गॅस दाखवून तो ओरडतो का बघायचं.

एन ९५ धुळीसाठी आहे, गॅस त्यातून आरामात जातो. कार्ट्रिजवाला मास्क गॅस गाळतो पण ज्या गॅससाठी लिहिलंय तोच, ठराविक प्रमाणापर्यंत आणि कार्ट्रिज संपेपर्यंत, आणि तो ऑक्सिजन बनवत नाही, म्हणजे वर फिटरदादांनी विचारलेल्या टाकीत त्याचा काही उपयोग नाही. जिथे ऑक्सिजन कमी किंवा प्रमाण माहीत नाही तिथे पाठीवर हवेची बाटली असलेला एससीबीए किंवा बाहेरून शुद्ध हवा देणारी लाइन, दाढी असेल तर त्याचाही मास्क नीट बसत नाही, फिट टेस्ट करून घ्या. कार्ट्रिजचं पाकीट फोडलं त्या दिवशी त्यावर तारीख लिहून ठेवा.